बोंबील जेवत नाही

मित्रांनो, माझ्या बुडाला पोचा आहे आणि काठावर दातांचे ओरखडे आहेत. मी स्टीलचा एक जुना वाडगा आहे. कांदिवलीला चारकोपमध्ये, चौथ्या मजल्यावर परबांच्या स्वयंपाकघरात, सिंकखाली माझी जागा आहे. पंचवीस वर्षं मी या घराचं अन्न धरतो आहे. त्यातल्या पाच दिवसांबद्दल मला बोलायचं आहे. ते ऐकायला गोड नाही.

भाईंदरच्या एका कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर साचा आपटला आणि मला पोट आलं. शेवंतीबाई परबांनी मला बाजारातून आणलं आणि दुकानातच माझ्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. तेव्हा मी फार मिरवायचो. पाहुण्यांना सोलकढी माझ्यातूनच वाढली जायची. "काय जड भांडं आहे!" असं कुणी म्हणालं की मला धन्य वाटायचं. पुढे एकदा मी ओट्यावरून पडलो. पोचा आला, आणि नवी चकचकीत भांडी माझ्यापुढे येऊन बसली. दोन वर्षं माझ्यात कुणी पाणीसुद्धा ओतलं नाही.

मग बोंबील आला. जिन्याखाली कुडकुडणारं हे पिल्लू शेवंतीबाईंनी पदरात गुंडाळून वर आणलं. पांढुरकं, लांबोडकं, नुसती हाडं. मालवणी घरात त्याला दुसरं काय नाव पडणार? त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

शेवंतीबाई माशांची डोकी उकडायच्या, काटे काढायच्या आणि त्या पाण्यात भात कालवायच्या. "खा रे बाबल्या, काटो नाय त्यात," म्हणत जवळ बसायच्या. त्यांची नात श्रुतिका बोंबीलपेक्षा वर्षभराने मोठी. तीही शेजारी मांडी घालायची. शेवटच्या वर्षी शेवंतीबाई भात अगदी खिमट होईपर्यंत मोडायला लागल्या. बोंबील मान वाकडी करून, डाव्या बाजूने चाटून खायचा. म्हातारपणीचे लाड, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर शेवंतीबाई गेल्या. सूनबाई शीतल दोन महिने तसाच भात करत राहिली. पण तिला सकाळी आठला वांद्र्याच्या ऑफिससाठी निघायचं असे. तिचा नवरा, शेवंतीबाईंचा मुलगा नंदकिशोर, एका मॉलमध्ये सुपरवायझर. दिवसभर वरिष्ठांची बोलणी खाऊन तो घरी यायचा आणि माशाच्या वासाने त्याचं डोकं उठायचं. एके दिवशी त्याने कुत्र्यांच्या कोरड्या खाण्याचं पोतं आणलं. त्यातल्या टणक तपकिरी गोळ्या माझ्यात पडल्या तेव्हा गारा पडल्यासारखा आवाज झाला.

बोंबीलने वास घेतला, एक गोळी जिभेने हलवली आणि तो मागे सरकला.

"नाटकं बघ याची," नंदकिशोर म्हणाला. "पंधरा मिनिटं ठेवायचं. नाही खाल्लं तर उचलायचं. मी वाचलंय. भूक लागली की मुकाट खाईल."

"आज भात देऊ या ना रे," शीतल म्हणाली. "उद्यापासून कर काय ते."

"आईने याला डोक्यावर बसवलं, आता तू बसव. माझं एक तरी ऐकता का या घरात?"

शीतलने पर्स उचलली आणि ती निघून गेली. तिची लोकल चुकत होती, हे खरं. पण तिला वाद नको होता, हेही खरं.

पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी बोंबील माझ्याजवळ येऊन बसला. माझ्याकडे पाहायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहायचा. श्रुतिका शाळेतून आली. तिने दुधात पोळी कुस्करली आणि माझ्यात घातली. त्याने ती इतक्या घाईने चाटली की मी फरशीवर फिरायला लागलो. नेमका तेव्हाच नंदकिशोर आत आला.

त्याने श्रुतिकाला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. तो तिच्यासमोर खाली बसला आणि शांतपणे म्हणाला, "हे बघ, आता तुझ्यामुळे त्याचा उपास पहिल्यापासून सुरू. तू जितक्या वेळा देशील, तितके दिवस वाढतील. त्याला उपाशी कोण ठेवतंय? तू."

अकरा वर्षांच्या मुलीने ते खरं मानलं.

तिसऱ्या दिवशी बोंबील तिच्या मागे मागे फिरला. तिने डबा उघडला की शेपूट हलवायचा, पंजा तिच्या गुडघ्यावर ठेवायचा. ती रडत त्याला ढकलायची. "नको ना रे! जा ना! तुझाच दिवस वाढेल!" चौथ्या दिवशी तो पुन्हा आला, तेव्हा तिने त्याला पायाने दूर सारलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. बोंबील बराच वेळ त्या दाराकडे बघत बसला. मग माझ्याजवळ आला आणि त्याने त्या गोळ्यांत तोंड घातलं.

"आला! आला लायनीवर!" नंदकिशोर ओरडला. त्याने मोबाइल काढला. "बघा मंडळी, याला म्हणतात शिस्त."

बोंबीलने एक गोळी तोंडात घेतली. कट् असा आवाज झाला आणि तो असा केकाटला की श्रुतिका दार उघडून धावत आली. गोळी माझ्यात परत पडली. तिच्याबरोबर रक्त पडलं.

"पप्पा, रक्त!"

नंदकिशोरने वाकून पाहिलं. "हिरडी सोलवटली असेल. सवय नाही ना. होईल." त्याने मला उचललं, नळाखाली धरलं आणि पुन्हा त्याच गोळ्या भरून ठेवल्या. व्हिडिओ त्याने घरच्या ग्रुपवर पाठवला, शेवटचा भाग कापून. त्यावर अंगठे येत राहिले. रक्त धुतलेल्या भांड्यात तेच अन्न, मित्रांनो. मला तोंड असतं तर मी ते ओकून टाकलं असतं.

पाचवा दिवस रविवार. शीतल घरी होती. बोंबील उठायला गेला आणि मागच्या पायांवर कोसळला. तिने त्याला हात लावला, तर नुसत्या बरगड्या. मग मात्र तिने कुणाला विचारलं नाही. चादरीत गुंडाळून त्याला उचललं. श्रुतिकाने का कोण जाणे मला छातीशी धरलं, आणि रिक्षात नंदकिशोरही मुकाट बसला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मृणालिनीबाईंनी बोंबीलचा जबडा उघडला. टॉर्च मारून आत नीट पाहिलं.

"उजवी दाढ उभी चिरली आहे. खाली पू साचलाय, हाडापर्यंत. हे काही महिन्यांचं दुखणं आहे. इतके दिवस हा खात काय होता?"

"सासूबाई भात मोडून द्यायच्या," शीतल म्हणाली. "नंतर मी."

"आणि आता?"

श्रुतिकाने मला पुढे केलं. माझ्या तळाशी दोन गोळ्या होत्या. बाईंनी एक टेबलावर आपटून पाहिली. ती फुटली नाही.

"नाटकं करतो असं वाटलं..." नंदकिशोर पुटपुटला.

"या इकडे," बाईंनी टॉर्च त्याच्या हातात दिला. "बघा नाटक." जबडा बंद होईपर्यंत त्यांनी त्याला मान वळवू दिली नाही.

बोंबील वाचला. तीन दाढा काढल्या, दहा दिवस सलाइन आणि इंजेक्शनं झाली. आता नंदकिशोर स्वतः मासळी आणतो, स्वतः काटे काढतो. पहिल्या दिवशी त्याने माझ्यात भात कालवला आणि मला बोंबीलपुढे ठेवलं. बोंबील थरथरला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. नंदकिशोर हात धुवायला गेला.

मग श्रुतिका बसली. तिने घास हातात घेतला. "खा रे बाबल्या," ती आजीसारखं म्हणाली.

बोंबीलने तिच्या हाताचा वास घेतला. मग तिच्या पायाकडे पाहिलं, आणि पोट जमिनीला घासत तो टेबलाखाली गेला.

"माझा राग आलाय का त्याला?" तिने आईला विचारलं. शीतलने तिच्या हातातला घास काढून माझ्यात ठेवला.

याला आता पाच महिने झाले. माणूस समोर असेपर्यंत तो अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून श्रुतिका मला खाली ठेवते, बाहेर जाते, दार ओढून घेते आणि पलीकडे फरशीवर बसते. मग तो येतो. त्याच्या जिभेचा माझ्यावर होणारा लपलप आवाज तिला दारातून ऐकू येतो. तेवढाच.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी जेवेनासं झालं, माणूस असो की मुकं जनावर, तर शिस्त लावायच्या आधी त्याच्या तोंडात डोकावून बघा. आणि कुणा लहानग्याच्या हातून कुणाला उपाशी ठेवू नका. श्रुतिका ते दार चार दिवसांत लावायला शिकली. उघडायचं कसं, ते तिला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.