शरमूल्याची कागदी पाकिटं

कोठीचं दार उघडलं आणि रिहाबला आधी वास आला. आटवलेल्या कांद्याचा गोडसर वास नव्हता तो. ओलं पोतं कोपऱ्यात विसरून राहावं तसा आंबूस, कुबट वास होता.

फळ्यांवरची पाकिटं खाली बसली होती. भरली तेव्हा कशी ताठ उभी होती. आता एकमेकांच्या अंगावर कलंडली होती. सगळ्याजणी मानानं लल्ला म्हणत त्या जकीयानं त्यातलं एक उचललं, तर कागदाचा तुकडा तिच्या बोटांना चिकटून वेगळाच झाला आणि तपकिरी शरमूला मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. वर पांढरी बुरशी धरली होती.

"बघ," जकीया म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

समुद्रकाठच्या सफाक्स शहरात ईदच्या सकाळी खारवलेला मासा आणि त्याच्यासोबत कांदा-मनुकांचा शरमूला नसेल, तर त्या घरात ईद आली असं कोणी म्हणत नाही. जकीयाच्या सहकारी संस्थेतल्या बायका रमजानभर तो शिजवायच्या आणि चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटांत भरून गावभर पाठवायच्या. ईद सरली की तीच पाकिटं सिदी मन्सूरच्या किनाऱ्यावर लागायची. रिहाबची लेक युस्र तिथे पहिल्यांदा वाळूत बसली, तेव्हा रिहाबनं चप्पल काढायला मान वळवली न वळवली तोच पोरीनं असा एक तुकडा तोंडात कोंबला होता. बोट घालून तो काढेपर्यंत पोर निळसर पडली होती. त्यावर अर्धं छापलेलं माशाचं चित्र रिहाबनं ओळखलं. तिच्याही घरी तीच पाकिटं येत असत.

रिहाब संशोधक होती; कागदी पाकिटांसाठीच्या लेपाचं काम तिनं प्रयोगशाळेत त्याआधीच हाती घेतलं होतं. त्या दिवसानंतर मात्र ते नुसतं काम राहिलं नाही. बंदरावरून आणलेली कोळंबीची टरफलं धुवायची, कुटायची, त्यातून कायटोसान नावाचं द्रव्य काढायचं, ते सौम्य आम्लात विरघळवून कागदावर पातळ पसरायचं, वाळलं की आम्ल धुऊन काढायचं, आणि वरून मेणाचा एक हात. असा कागद तेलाला दाद देत नव्हता. हवा आत घेत नव्हता. आणि फेकला तर मातीत मिसळून जात होता. शरमूला भरून ठेवलेली तिची पाकिटं सबंध उन्हाळा जशीच्या तशी राहिली होती.

जकीयाला पटवायला फार दिवस लागले. शेवटी ती म्हणाली होती, "एक ईद देते तुला, पोरी. वर्षभराची चूल आहे ती माझ्या बायकांची. टिकलं, तर प्लॅस्टिक पुन्हा माझ्या दारात येणार नाही. नाही टिकलं, तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही."

रिहाब खाली बसली आणि फाटलेला कागद दोन बोटांत चोळू लागली. लेपाला तडे गेले नव्हते, पोपडे सुटले नव्हते. तो विरघळला होता. बोटांना लागणारा हा चिकटा तिच्या रोजच्या ओळखीचा होता. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात ढवळताना काचकांडीला लागायचा, अगदी तोच.

"शरमूल्यात काय काय घालता तुम्ही?" तिनं विचारलं.

दारातून मबरूका डोकावली. मोठ्या हंड्याचं काम तिचं. "हे काय विचारणं झालं? कुठून परगावाहून आलीस का आज? कांदा, मनुका, तेल, मसाला. उतरवताना व्हिनेगर."

"व्हिनेगर?"

"मग? व्हिनेगर नाही घातलं तर तो शरमूला कसला, मुरंबा झाला."

"आमच्याकडे नाही घालत."

"तुमच्याकडे! जुन्या शहराच्या तटाच्या आतली माणसं तुम्ही. तुम्ही माशालासुद्धा साखर लावून खाल."

मागच्या दोघीजणी हसल्या आणि रिहाबचा चेहरा बघून गप्प झाल्या.

सगळे प्रयोग तिनं आईच्या हातच्या शरमूल्यावर केले होते. तेल तपासलं, वाफ तपासली, उन्हात ठेवलं, दमटात ठेवलं. शरमूल्यात काय असतं ते मात्र विचारलं नाही. सफाक्सच्या माणसानं सफाक्सच्या माणसाला असं विचारायचं म्हणजे स्वतःचं हसू करून घेणं. आपल्या आईचा शरमूला तोच शरमूला, हे इथल्या प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक असतं. आणि व्हिनेगरचा वास? तो तर दिवसभर तिच्याच अंगाला यायचा. कायटोसान विरघळवायला ती तेच तर वापरत होती. ज्यात लेप विरघळतो, तेच तिनं लेपाच्या आत भरू दिलं होतं, तेही चुलीवरून उतरवलेलं, कढत. मेणाचा हात केव्हाच वितळून गेला असणार.

ती उठली. आता तिला ती दुपार आठवली.

पाकिटं भरायच्या दिवशी सगळ्याजणींचे रोजे होते. मबरूका हंड्यापाशी कडछी घेऊन उभी होती. "डॉक्टरीणबाई, तू अंगावर पाजतेस ना? तुला मुभा आहे. चाखून सांग बाई कसा झालाय. आमच्या जिभा आज कुलपात."

खरंच मुभा होती. त्या स्वयंपाकघरात कडछीभर गिळायची मोकळीक असलेली ती एकटीच होती. सकाळी तिनं पाव खाल्ला होता, तोही दार लावून, कारण दूध आटेल ही धास्ती होती. पण एवढ्या कोरड्या ओठांच्या बायका बघत असताना तोंड हलवायचं तिच्या जिवावर आलं. "वासच इतका छान सुटलाय," ती म्हणाली आणि कडछी हातानं बाजूला सारली. मबरूका म्हणाली, "लाजतेय बघा."

एक घोट पुरला असता. जिभेला आंबट लागलं असतं आणि तिनं तिथेच भरणं थांबवलं असतं.

"लल्ला, मला अजून एक संधी द्या," ती आता जकीयाला म्हणाली. "चूक कळलीय. आम्लाला पुरून उरेल असा लेप करता येईल. या खेपेला फक्त व्हिनेगर न घालता शिजवा—"

"आणि गिऱ्हाइकांना काय सांगू? यंदा पाकिटासाठी चव बदलली?" जकीया ओढणीच्या टोकानं कोपर पुसत होती. आवाज मऊच होता. "तू खोटी नाहीस गं. पण ईद तोंडावर आलीय, माझ्या बायकांनी पुन्हा कांदे सोलायला घेतलेत. त्यांच्यासमोर मी पुन्हा तोच कागद कसा ठेवू?"

"पुढच्या ईदला तरी?"

जकीयानं कोपऱ्यातल्या चादरीखालून प्लॅस्टिकची भेंडोळी ओढून काढली. त्यांवर धूळसुद्धा नव्हती. ती फेकलीच नव्हती तिनं.

कागदी पाकिटं पिंपात रिकामी होईतो पहिला नवा हंडा शिजून उतरला आणि प्लॅस्टिकची पाकिटं भरायला सुरुवात झाली. पाकिटं बंद करायच्या यंत्रावरच्या बाईला कांद्यांकडे पाठवावं लागलं, कारण तिकडेच हात कमी पडत होते. यंत्र रिकामं राहिलं. रिहाब जाऊन त्याच्यासमोर बसली.

"तू कशाला?" मबरूका म्हणाली. "घरी जा, पोर वाट बघत असेल."

"आईकडे आहे ती."

मघाशी आईचा फोन येऊन गेला होता. युस्र बाटली तोंडात धरत नव्हती, रडून रडून लाल झाली होती. रिहाबची छाती दुधानं ठणकत होती, कुडत्यावर ओल उतरली होती. तिनं ओढणी पुढे ओढून घेतली आणि पायानं पट्टी दाबली. गरम दांडी खाली आली, वर गेली. पाकिटाचं तोंड मिटलं.

सवयीनं तिनं ते उजेडाकडे धरलं, कडेवरून अंगठा फिरवला, उलटं करून दाबलं. तेलाचा थेंब आला नाही. हवेचा बुडबुडा नाही, सुरकुती नाही. आतलं बाहेर येणार नव्हतं, बाहेरचं आत जाणार नव्हतं. इतकी वर्षं ती यासाठीच तर राबत होती. त्यात एकही खोट निघेना, आणि ती मात्र अंगठा फिरवतच राहिली.

"बरोबर आहे का?" जकीयानं लांबून विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि दुसरं पाकीट घेतलं.