पारुबाईंची चाळीस मिनिटे

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. बटण दाबले की चालायचे, पुन्हा दाबले की थांबायचे, एवढेच माझे काम. मित्रांनो, त्यात मी कधी चूक केली नाही. तरीही एक अन्याय माझ्या तोंडून वदवला गेला, आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

नवे होते तेव्हा मी शाळेच्या मैदानावर शर्यती मोजल्या. पुढे २००३ साली एका संशोधक साहेबांनी मला घेतले. प्रशिक्षण दिल्यावर कामगारांचे काम सुधारते का, हे त्यांना शोधायचे होते. त्यांच्याबरोबर मी कुरुंद्याच्या एका हळद कारखान्यात पोचले.

तिथे बाया हळकुंडे निवडत. एक टोपली निवडायला किती वेळ लागतो, ते साहेबांनी मोजले. मग एक दिवस फळ्यावर बाण काढून व्याख्यान दिले आणि महिन्याने पुन्हा मोजले. नव्या बाया पन्नास मिनिटांवरून तिसावर आल्या. साहेब हरखले. चौदा वर्षे काम केलेल्या पारुबाई मात्र पंचविसावरून चाळिसावर गेल्या होत्या.

जाणार नाहीत तर काय? महिनाभर त्या आपली टोपली सोडून नव्या बायांजवळ जाऊन बसत. हळकुंड मोडून दाखवत. "कट्‌कन आवाज आला न्हाई तर आत कच्चं हाय. बाजूला टाक." दुसऱ्या मोजणीच्या दिवशीही त्या अशाच मधेमधे उठल्या, तरी माझा काटा फिरतच राहिला. मला थांबवायचे बोट साहेबांचे, आणि साहेबांचे डोळे कागदावर.

नव्यांपैकी मंजुळाबाई धीर करून म्हणाल्या, "साहेब, आमाला पारुमावशीनं शिकवलं."

"त्याला माझ्या तक्त्यात रकाना नाही," साहेब म्हणाले. शिकलेल्या माणसाचे हे उत्तर!

मालक व्यंकटरावांनी तक्ता पाहिला. "पारुबाई, उद्यापासून येऊ नका. आकडाच बोलून राहिला, मी काय करू?"

"येळ काहून लागला, ते तरी इचारा," पारुबाई म्हणाल्या. कुणी विचारले नाही. त्यांनी डबा उचलला आणि त्या निघून गेल्या.

साहेबांच्या अहवालाचे कौतुक झाले. पुढच्या हंगामात आलेल्या बायांना शिकवायला कुणीच नव्हते, आणि त्यांचा वेळ मोजायला साहेबही आले नाहीत.

आज मी खणात गंजत पडले आहे. मित्रांनो, माझी काळजी नका करू. पण कुणाचे काम मोजायला बसाल, तर आधी त्या माणसाशेजारी थोडा वेळ बसा. साहेब दहा मिनिटे बसले असते, तर पारुबाईंचे काम गेले नसते.