एर्मेकचा पडदा

"मामा, गाठ सुटली!" एर्मेक ओरडला, तोवर एडका लोंबत्या पडद्यासकट मेंढ्यांत घुसला होता.

उन्हाळा उतरणीला लागला की आम्ही एडक्यांच्या पोटाखाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, पडदा बांधतो, म्हणजे त्यांना मेंढ्यांवर चढता येत नाही. नाहीतर कोकरं ऐन थंडीत जन्मतात आणि गारठून मरतात. पडदे शिवायचं, बांधायचं काम माझ्या बायकोचं, झुराकानचं. ती वसंतात वारली. यंदा सुई मी धरली, आणि माझ्या गाठी एडक्यांनीही जुमानल्या नाहीत.

एडका धरून आणला, तसा एर्मेक त्याच्याकडे बघत म्हणाला, "याला अडवावं लागतंय. माझं तर न अडवताच अडलंय."

हा माझ्या थोरल्या बहिणीचा, सोनुनबूअक्काचा, एकुलता एक. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा रिकामा. अक्कानं सुनेला, जिबेकला, डोंगरातला सगळा पाला उकळून पाजला. आता तर ती जिबेकचा कटोरा काठोकाठ चहानं भरायला लागली होती. आमच्यात बस म्हणायचं तर अर्धा कटोरा देतात, म्हणजे पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरला की समजायचं, आता ऊठ. हिवाळ्याआधी जिबेक माहेरी जाणार, हे गावानं त्या कटोऱ्यावरूनच ओळखलं होतं.

"शहरात डाक्तरकडं जाऊन आलो," एर्मेक म्हणाला. "दोष माझ्यात हाय, मामा. बीज भाईरच येत न्हाई. आतनं काढता येतंय म्हणला. सुईनं, न्हाईतर चिरून."

'बीज' आणि 'चिरून' एवढंच कुंपणापलीकडे गाईची धार काढणाऱ्या अक्काच्या कानी गेलं. आमच्याकडे त्या जागी सुरी लावायचं एकच कारण असतं.

"खच्ची करनार व्हय रं माझ्या पोराला?" ती धावत आली. "आनि इस्मान, तू मामा असून त्याचं पाय धरनार?"

तेवढ्यात मुकाश घोड्यावरून आला. गावातले सगळे कोवळे एडके तोच खच्ची करतो. "अक्का, चिरायचंच तर शहरापातूर कशाला? मी हाय की!"

अक्कानं त्याला दाव्याचा फटका दिला, तरी तो चहाला आलाच.

घरात एर्मेकनं सगळं सांगितलं. लहानपणी त्याचं दोन्ही बाजूंचं अंतर्गळाचं आपरेशन झालं होतं. "तवाच नळी दबली असंल. डाक्तर म्हणतोय, बीज तयार हुतंय, वाट बंद हाय. अंडाच्या मागं गुंडाळलेली नळी असती, तिच्यात बारीक सुई घालून वढायचं. न्हाईतर सुई सरळ अंडात. त्याच दिवशी घरी."

"आनि चिरायचं कुनाला?" मी विचारलं.

"ज्याचं बीजच कमी तयार हुतंय त्याला. उघडून, दुर्बिणीखाली कण-कण हुडकत्यात. माझ्यातबी चिरलं तर बीज जास्ती मिळंल, ठिवणीला राहील. पर टाकं पडत्यात, दुखतंबी जास्ती."

"म्हंजे पाट तुंबलाय," मी म्हणालो. "वर पाणी साचलंय, तर तांब्या घालून घ्यायचं. झराच आटला असता तर खणावं लागलं असतं."

"खणाच की!" मुकाश म्हणाला. "एकदाच उघडायचं आनि गाडगं भरून घ्यायचं."

"तुझं उघड!" अक्का कडाडली. "माझ्या पोराला सुई न्हाई आनि सुरी न्हाई. लग्नाआधी ह्यो खोंडावानी उड्या मारत हुता!"

जिबेक चहा ओतत होती. सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे ती कधी तोंड उघडत नसे. तिनं मुकाशचा कटोरा काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला. मुकाशनं कटोऱ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि टोपी उचलली.

तो गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आधी सुई. न्हाईच मिळालं तर मग चिरायचं. ह्यांना एक दिवस टोचनार. पुढं माझ्या पोटात रोज सुया हायेत, मग माझंबी बीज काढायचं, दोन्ही काचेत एकत्र करायचं. मी न्हाई म्हनलेलं न्हाई, आई."

अक्कानं सुनेकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "शहराला कवा निघायचं?" झुराकान असती तर तिनं मला कोपरानं ढोसलं असतं.

शहरात आम्ही सगळेच गेलो. सुई नळीत गेली आणि बीज मिळालं, हलतं, जिवंत. ते गोठवून ठेवलं. मूल होईलच असं डाक्तर छातीठोक म्हणाला नाही. एर्मेकनं काही दिवस घोड्यावर बसायचं नाही, एवढं मात्र त्यानं बजावलं.

गुराख्याला घोड्यावरून कोण उतरवणार? अक्कानं झुराकानची सुई मागून घेतली, पांढरा नमदा कापला आणि पोराच्या कमरेला एडक्यासारखा पडदा बांधला.

"घोड्याला हात लावशील तर बघ."

"आई, लोक हसत्यात!"

कुंपणावरून मुकाश ओरडलाच, "अक्का, ह्याचा पडदा आमच्या एडक्यांसंगंच सुटनार का?"

"डाक्तर सांगंल तवा!" अक्का म्हणाली. मी गाठ ओढून बघितली. झुराकानच्या गाठीसारखी पक्की होती.

संध्याकाळी चहाला बसलो. अक्कानं जिबेकच्या हातातून चहाची किटली काढून घेतली आणि सुनेचा कटोरा पुढे ओढला. एर्मेकनं पडदा घट्ट धरला. चहा पडायला लागला आणि अर्ध्यावर थांबला.

"घे," अक्का म्हणाली. "पी. किटलीत हाय अजून."