यंत्राचं म्हातारपण

खोक्यांच्या कारखान्यातलं कटिंगचं यंत्र विकत आणलं त्याच वर्षी म्हातारं झालं. निदान धाकट्या शेठचं तसं मत होतं. थोरला भाऊ गेल्यावर त्याचा निम्मा वाटा वहिनींकडे आला, कारभार मात्र धाकट्या शेठकडे राहिला. नफा कमी दिसला की वहिनींना कमी द्यावं लागे आणि पैसा कारखान्यात, म्हणजे शेठच्या हाताखाली, सुखरूप राही.

यंत्र पंधरा वर्षं चालेल, तेव्हा घसारा, म्हणजे झिजेपोटी नफ्यातून वजा होणारी रक्कम, दरवर्षी सारखा धरू, असं हिशेबनिसाने सुचवलं होतं. शेठना हा सरळपणा मानवला नाही. त्यांनी दुसरी पद्धत धरली: दरवर्षी उरलेल्या किमतीतून चाळीस टक्के वजा. या पद्धतीत किंमत शून्याच्या जवळ जात राहते, शून्य कधीच होत नाही. तेवढं उरलेलं काम आपण तोंडाने करू, असा शेठना विश्वास होता. वर्षअखेरीला हिशेबनीस येणार म्हटलं की आठवडाभर आधी यंत्राचं तेल बंद. मग ते असं कण्हायचं की हिशेबनीस त्याची तब्येत विचारायचाच बाकी असे. वहिनी नफ्याचं विचारायला आल्या की शेठ त्यांनाही यंत्रापाशी नेत आणि नुसता उसासा टाकत.

सहा वर्षांनी वहिनींनी वेगळं व्हायचं ठरवलं. शेठना आनंद लपवता लपवेना. वेगळं होणाऱ्याने हवी ती वस्तू वहीतल्या किमतीला आपल्या वाट्यात घ्यावी, असं भागीदारीच्या करारात होतं. पुढेमागे आपल्याच कामी येईल म्हणून हे कलम शेठनीच घातलं होतं. वहिनी फार तर टेम्पो मागतील, असा त्यांचा अंदाज.

वहिनींनी यंत्र मागितलं.

वहीत त्याची किंमत आता शंभराला पाचसुद्धा उरली नव्हती. आणि त्याच्यावाचून कारखाना म्हणजे नुसती पुठ्ठ्याची वखार. शेठनी यंत्राची दुखणी मोजून दाखवली. वहिनी म्हणाल्या, सांभाळीन. मग शेठना सरळ पद्धतीबद्दल एकाएकी आदर वाटू लागला. मागची वर्षं त्या पद्धतीने नव्याने मांडता येतील का, असं त्यांनी हिशेबनिसाला बाजूला घेऊन विचारलं. वहिनींची सही मिळाली तर येतील, तो म्हणाला. मात्र मग सहा वर्षांचा एकूण नफा वाढेल आणि त्यातला त्यांचा राहिलेला वाटा आधी चुकता करावा लागेल.

शेठनी शेवटी पुराव्याचाच मार्ग धरला. स्वतःच्या हाताने तेल घातलं, बटण दाबलं. यंत्र लोण्यातून सुरी फिरावी तसं चालू लागलं.

"बघा वहिनी, याला म्हातारं कोण म्हणेल? अजून दहा वर्षं हूं की चूं करणार नाही. ही काय वहीतली किंमत झाली?"

वहिनींनी एक खोकं उचललं आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"बरं झालं भाऊजी, दाखवलंत ते," त्या म्हणाल्या. "मी आधी मेकॅनिक आणणार होते. आता थेट क्रेनवाल्यालाच बोलावते."

शेठना बटण बंद करायचंही सुचलं नाही. पुठ्ठा संपेपर्यंत यंत्र खोकी कापत राहिलं, आणि त्यातलं एकही वाकडं नव्हतं.