तोंडी परीक्षा

शिलाई कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली, तेव्हा धाकटीला अर्ज करायला तिच्या थोरल्या जावेनंच भरीला घातलं. दोघी एकाच लाइनवर शेजारी बसून शर्टांच्या कॉलर शिवायच्या.

लेखी परीक्षा सोपी गेली. तोंडीत मॅनेजरनं विचारलं, "समजा, लाइनवरची एक बाई कमी करायची आहे. कोणाला कराल?"

"मला नाही सांगता येणार, साहेब."

"अहो, समजा म्हणतोय. सुपरवायझरला ठरवता आलं पाहिजे."

शेवटी धाकटी म्हणाली, "माझ्या जाऊबाईंना. हल्ली त्यांना बारीक टाका दिसत नाही. त्यांचं राहिलेलं काम मीच ओढते."

धाकटी पास झाली. त्याच आठवड्यात थोरलीला कामावरून काढलं. धाकटी तडक मॅनेजरकडे गेली.

"साहेब, मी आपलं समजा म्हणून बोलले होते. मला नको ही जागा, त्यांना परत घ्या."

"जागा सोडायची तर सोडा," तो समजुतीनं म्हणाला, "पण त्यांना दिसत नाही हे कळल्यावर आता कसं ठेवणार?"

धाकटीनं जागा सोडली नाही. घरात आता तिचाच काय तो पगार होता.

संध्याकाळी थोरलीनं तिच्यापुढं ताट ठेवलं. "कोणी चहाडी केली, देव जाणे," ती म्हणाली. "पण तू आता वर गेलीस. माझ्यासाठी एक शब्द टाकशील ना गं?"

"टाकते ना, जाऊबाई," धाकटी म्हणाली.