चौघांचे लग्न

त्रेचाळीस सालच्या वैशाखात पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमू नये असा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा किन्हवलीजवळच्या चाळीस उंबऱ्यांच्या त्या पाड्यात राहीच्या लग्नाचा मांडव उभा राहिला होता. तिचा भाऊ देवराम याला लढाईवर धाडताना ह्याच सरकारने हजारभर माणसे एका बोटीत कोंबली होती. ती गर्दी मात्र बेकायदा नव्हती.

देवरामची रजा शुक्रवारी संपत होती. गुरुवारी लग्न लागले नाही तर कानपिळीला भाऊ नाही. आणि भावाने नवऱ्याचा कान पिळल्याशिवाय आपण बोहल्यावर चढणार नाही, असे राहीने सांगून टाकले होते.

"मंग थांब दोन वरसं," आई म्हणाली आणि आपल्याच बोलण्याने चरकली.

देवराम उठला तो थेट पोलीसपाटलाच्या ओटीवर गेला. "गणूकाका, हुकमात किती लिवलंय?"

"पाच."

"म्हंजे चार चालतात."

"चौघांत लगीन लावतोस का रे? अन् गाव काय करील, कुंपणावरून बघंल?"

"गाव बी चार-चारच जमंल. आपापल्या अंगणात."

हे शहाणपण त्याने आफ्रिकेत पाच महिने पहारा करून मिळवले होते. इटालियनांना हुसकावल्यावर ॲबिसीनियाच्या बादशहाने आपली खाती पुन्हा मांडली आणि देवराम उभा राहिला तो तिथल्या गृहखात्याच्या फाटकावर. परक्या राजांशी बोलायला त्या दरबारात एक खाते होते, खजिन्याला दुसरे; हे खास आपल्याच रयतेसाठी. सुभेदार नेमणे, पोलीस पोसणे, तुरुंग राखणे, कोणी कुठे जावे आणि कितीजणांनी जमावे हे ठरवणे, सारे तिथूनच चाले. राजा गोरा असो वा काळा, असे खाते रयतेला आकड्यांनीच ओळखते, हे देवरामला कोणी शिकवावे लागले नाही. एका सणाला तिथे जमावबंदी लागली. लोक चार-चार होऊन आपापल्या दारात उभे राहिले, अख्खी गल्ली गायली, आणि खात्याच्या कारकुनाने दारोदार मोजून लिहिले की शहरात शांतता आहे. हसू दाबताना देवरामच्या हातून बंदूक निसटायची राहिली.

गुरुवारी सकाळी मांडवात चौघेच होते: राही, मुरबाडकडचा नवरा अनंता, लग्न लावणारी धवलेरी धोंडीबाई, आणि एक फिरती जागा. त्या जागेवर बाप आला, अक्षता टाकून गेला. आई आली, रडून गेली. मामा आला, त्याला ओढून न्यावे लागले. बाकीचा गाव अंगणाअंगणांत चौघाचौघांनी उभा. धोंडीबाईने लग्नाचे गाणे, धवळा, उचलला आणि चाळीस अंगणांनी तो एकदम झेलला. हुकुमात माणसांची संख्या होती, गळ्यांची नव्हती.

देवरामची पाळी आली. त्याने अनंताचा कान धरला, तोच तालुक्याचा हवालदार घामाघूम होऊन मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला.

"काय चाललंय? मला आत येऊन बघायला पाहिजे."

"या की," देवराम कान न सोडता म्हणाला. "पन मंग आपन पाच व्हतो."

हवालदाराचा उचललेला पाय तसाच राहिला. पोलिसांना हुकुमातून सूट होती. पण ती दुसऱ्या पानावर होती आणि दुसरे पान त्याच्याकडे कोणी पाठवलेच नव्हते.

"तू बाहेर ये, मग मी आत जातो."

"कान सोडला तर माजं कानपिळीचं पागोटं बुडतं, साहेब."

"सोडू नको रे दादा," राही मुंडावळ्यांआडून म्हणाली.

"सोडला तर बरं व्हईल," अनंता कळवळला.

"अजून पिळला बी नाय, तवर रडतोस? माजी बहीन कशी सांभाळशील?"

हवालदाराने बाहेरूनच मोजले. चार. शेजारच्या अंगणात चार, त्यापलीकडे चार. उन्हात चाळीस अंगणे फिरून तो परतला तेव्हा मांडवामागच्या पडवीतून राहीच्या बापाने हाक घातली, "इकडं या, साहेब. आमच्या पंगतीत आमी तिघंच हाव."

हवालदार थोडा वेळ कायद्याचा विचार करीत उभा राहिला. मग त्याने पट्टा सैल केला आणि चौथ्या पानावर बसला. गरम भातावर वालाचे बिरडे पडले.

मांडवात देवरामने कान असा पिळला की अनंताची आरोळी ओढ्यापलीकडे गेली. नवे पागोटे देवरामच्या डोक्यावर आले. राही खुदकन हसली आणि मान पुढे करून अनंताला म्हणाली, "आता घाल माळ."

"कोण वरडलं?" हवालदाराने घास थांबवून विचारले.

"आमचा जावई," बाप म्हणाला. "बिरडं घ्या अजून."