गाळलेली ओळ

माणसांवर विश्वास ठेवायला मला वेळ लागतो. गिरिधर म्हणायचे, "कुसुम, तू येशूच्या काळी असतीस तर बाराही शिष्यांची झडती घेतली असतीस आणि मग तेराव्याकडे वळली असतीस." ते हसत, मीही हसे, पण भाजीवाल्याचं तागडं मी पुन्हा तपासून बघायचीच. स्वभावाला औषध नसतं, आणि घरात औषधं देणारा माणूस असूनही माझ्यावर काही लागू पडलं नाही.

गिरिधर माझे यजमान. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मी मिशनची बायबलबाई. पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल, घालून वस्त्यांतून घरोघर जायचं, बायकांना वाचून दाखवायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, हे माझं काम.

पंचावन्न सालच्या मार्चमध्ये गिरिधर विषमज्वराने गेले. एकवीस दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होते. बाविसाव्या दिवशी भरदुपारी भिंतीला टेकले, डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा त्यांचा हात गार झाला होता. किती वेळ झोपले होते कोण जाणे. त्यांनी हाक मारली असेल का, पाणी मागितलं असेल का, हे मला आता कधीच कळणार नाही. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली. डोळे मिटायची, ओठ हलवायची, 'आमेन' म्हणायची. मधे काहीच नसायचं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणं हेच जिचं काम, तिची स्वतःची प्रार्थना पोकळ आहे हे उघडं पडलं तर तिने तोंड कुठे दाखवायचं? पंधरा दिवसांनी पुन्हा पिशवी उचलली, ती ही भीती उरात घेऊनच.

गोळीबार चौकाच्या मागे कोष्ट्यांच्या वस्तीत कवडूचं घर होतं. तिथे मी दिवाळीपासून जात होते. दसऱ्याच्या आसपास त्यांचा एकुलता एक मुलगा, शालिक, वारला होता. कवडूची बायको रुख्मिणी हिने मला शेजारच्या घरी वाचताना ऐकलं आणि आपल्याकडे बोलावलं. ती रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरायची आणि मी समोर पोत्यावर बसून वाचायची. कवडू त्याच खोलीत, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, आमच्याकडे पाठ करून लुगडं विणत असायचा. इतक्या महिन्यांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. कांडी घातलेला धोटा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना डोंगरांचं स्तोत्र वाचून दाखवलं. डोंगरांकडे डोळे लावून मला मदत कुठून येईल असं विचारणारं, लहानसंच आहे. झालं, रुख्मिणीने तेच धरलं. मी येशूच्या गोष्टी वाचल्या, दाखले वाचले. ती मान डोलवायची आणि म्हणायची, आता ते आपलं वाचा. एकदा वाचून भागायचं नाही, रोज पाच-सहा वेळा. आधी मला बरं वाटलं. मग मनात पाल चुकचुकली. एकच पाठ इतक्यांदा कोण ऐकतं? शब्द पडताळून पाहणारा माणूस ऐकतो.

त्यातून ते वर्ष तसं होतं. मिशनच्या कामाची सरकारी चौकशी चालली होती. कोण कुणाच्या घरी जातं, काय वाचतं, कुणाला काय देऊ करतं, याच्या तक्रारी लिहून घेतल्या जात होत्या. मी कुणाला कधी चिमूटभर साखरही देऊ केली नव्हती, पण घाबरायला तेवढं पुरतं. आणि कवडूच्या मागाशेजारच्या खांबावर कोळशाच्या रेघा होत्या. माझं स्तोत्र वाचून संपलं की तो वाकायचा, हातांनी काही खुडबुड करायचा आणि खांबावर एक रेघ ओढायचा. दर वेळी एक. मी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून ठेवलं होतं.

तरी गिरिधर होते तोवर या रेघांची मला मजा वाटायची. ते गेल्यावर मजा संपली, कारण आता माझ्याजवळ पकडण्यासारखं काहीतरी होतं.

त्या स्तोत्रात एक ओळ आहे. जो राखण करतो तो झोपी जात नाही, डुलकीसुद्धा घेत नाही, अशा अर्थाची. कामावर परतल्यावर पहिल्या दिवशी ती ओळ आली आणि मला ती वाचवेना. मी खोकल्यासारखं केलं आणि पुढची ओळ घेतली. दुसऱ्या दिवशी खोकायचीही गरज पडली नाही. सरळ उडी मारली. या घरात वाचता कुणालाच येत नव्हतं. कोणाला कळणार होतं?

पण त्या जागी धोटा थांबला. एक क्षणभरच. मी मान वर केली नाही, पुढे वाचत गेले. मग रोजच तसं होऊ लागलं. त्या ठिकाणी आलं की कवडूचा हात अडे, मान जराशी वळे, आणि पुन्हा ठक-ठक सुरू. मी मनाशी म्हणायची, कुसुम, तुझं पितळ उघडं पडलंय आणि हा माणूस योग्य वेळेची वाट बघतोय.

एप्रिलच्या शेवटी रुख्मिणीने कांडी भरता भरता अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, शास्त्रातलं लिहेल कोणी बदलवू शकते का?"

मी म्हटलं, कोणी नाही. ती बरं म्हणाली आणि रहाट फिरवू लागली. पाठमोरा कवडू ऐकत होता, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

दोन दिवसांनी त्यांच्या दारातून एक कोट-टोपीवाला माणूस बाहेर पडताना दिसला. काखेत वही, कानावर पेन्सिल. मला पाहून त्याने नमस्कार केला, तोही नको इतका अदबीने. मी शेजारणीला विचारलं. बाबनराव, एवढंच तिला ठाऊक होतं. हा चौकशीचाच माणूस, आता शंकेला जागा उरली नाही. कुठलाही शहाणा माणूस त्या दिवशी तिथून परत फिरला असता. मी का फिरले नाही ते आज सांगते: मला वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. चोरून जगण्याचा मला उबग आला होता.

आत गेले. रुख्मिणीने माझ्यामागे दार लोटून घेतलं. रहाट गप्प होता. कवडू खड्ड्यातून वर आला, आणि तो किती उंच आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्याने कोपऱ्यातून घडी केलेलं एक लुगडं आणलं, माझ्यापुढे उलगडलं आणि उकिडवा बसला. हिरवं लुगडं, अंगभर विणलेल्या रेशमी बुट्ट्या, बारीक फुलांच्या.

"पहा," तो म्हणाला.

मला लुगड्यातलं काय कळणार? मी म्हटलं, छान आहे. त्याने मान हलवली. माझं बोट धरायचा संकोच वाटला म्हणून की काय, त्याने रुख्मिणीचं बोट धरलं आणि बुट्ट्यांच्या ओळींवरून फिरवत नेलं. अर्ध्या लुगड्यापर्यंत ओळी ऐसपैस होत्या. तिथून पुढे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीजवळ अर्धं बोट सरकून आलेली.

"इथवर तुम्ही पयले येत होत्या तवाचं," कवडू म्हणाला. "मंग तुमच्या घरी ते झालं. मी माग थांबवून ठेवला. हे पुढचं, तुम्ही परत आल्या तवाचं. बाबनरावनं वापस आणून देल्लं. शेठ म्हणते, हे एक लुगडं नोहे, दोन हायेत."

म्हणजे बाबनराव लुगडी विकत घेणाऱ्या शेठचा माणूस होता. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. लुगड्याचा आणि माझा काय संबंध, असं मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

मग कवडू बोलला. सहा महिन्यांचं साठलेलं बोलला. बुट्टीची एक ओळ झाली की पुढची घालायच्या आधी धोट्याच्या ठरलेल्या फेका मोजायच्या असतात. विणकराला ते लहानपणापासून येतं. पण शालिक गेल्यापासून त्याला मोजता येत नव्हतं. "एक, दोन करत जातो अन् अकरावर अडते," तो म्हणाला. "अकरा वर्साचा होता. त्याच्या पुढं आकडाच निघत नाही तोंडातून."

तशात मी डोंगरांचं स्तोत्र वाचलं. त्याच्या लक्षात आलं की एकेका शब्दाला धोटा टाकला तर स्तोत्र संपतं तिथे बुट्टी बरोबर बसते. सकाळी माझ्याकडून ऐकायचं आणि दिवसभर तोंडातल्या तोंडात तेच म्हणत विणायचं, असं त्याने सुरू केलं. खांबावरच्या रेघा बुट्ट्यांच्या ओळींच्या होत्या. वाचून दाखवत मी रुख्मिणीला होते, ऐकत कवडू होता. इतकी संशयी बाई मी, आणि एवढं मला दिसलं नव्हतं.

"तुम्ही एक ओळ सोडून देऊन राहिल्या, बाई," तो म्हणाला. "मले पाठ आहे. पण मी म्हणलं, शास्त्रवाली बाई सोडते म्हणजे ते ओळ चौकशीवाल्यायनं काटली असंल. सरकारचं काम आहे. मंग मी बी सोडली."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. सरकारने खोडलेली ओळ म्हणून या माणसाने आपल्या लुगड्यातूनही ती काढून टाकली होती, मुकाट्याने, महिनाभर.

"पण ते नव्हती काटाले पाहिजे," कवडू लुगड्याकडे बघत म्हणाला. "पोरगं गेल्यावर मी झोपत नव्हतो. हे ओळ ऐकली अन् वाटलं, कोणीतरी जागं आहे न, मंग आपुन थोडं पडावं. तवा झोप लागली. आता पुन्हा लागत नाही. म्हणून इचारतो, खरंच काटली का?"

खोटं बोलायला जागा होती. हो म्हटलं असतं तर त्याने मान डोलवली असती आणि माझी लाज झाकली गेली असती. मी तोंड उघडलंही. पण त्याचे डोळे इतके तांबारलेले होते की मला तसं करवेना.

मी म्हटलं, "कोणी नाही काटली, भाऊ. मीच गाळली." आणि मग सगळं सांगितलं. ते एकवीस दिवस, ती दुपार, तो गार हात. मला महिना-दीड महिना प्रार्थना करता येत नाही, तुमच्या घरी मी नुसते ओठ हलवते, हेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं नाही, लाज मात्र अतोनात वाटली. रुख्मिणी माझ्याजवळ सरकून बसली.

कवडू मग उठला आणि मागात जाऊन बसला. म्हणाला, "वाचा. मी थांबतो."

मी पुस्तक उघडलं. डोंगर आले, मदत आली, आणि ती ओळ आली. धोटा त्याच्या हातात तसाच होता. मी ती ओळ वाचली. आवाज फाटला, तरी शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. आणि तिच्यापुढे जायच्या ऐवजी माझ्या तोंडून, मोठ्याने, पुस्तकात नसलेलं निघालं: "तू जागा होतास, तर मला का नाही उठवलंस?"

ते मी कवडूला म्हटलं नव्हतं, रुख्मिणीला म्हटलं नव्हतं. गिरिधर गेल्यापासून मी देवाशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. अशी प्रार्थना मला कुणी शिकवली नव्हती, आणि मिशनमध्ये कुणी ऐकली असती तर कानांवर हात ठेवले असते. उत्तर आलं नाही. पण आज समोर कोणीतरी ऐकतंय हे मला इतकं स्वच्छ जाणवलं की मी खोलीत नजर फिरवली.

कवडूने वळून पाहिलं. "मी बी हेच इचारतो," तो म्हणाला. "सांगत नाही तो. पण मी रोज इचारतो."

एवढं बोलून त्याने त्या ओळीच्या पहिल्या शब्दाचा धोटा टाकला.